पाच बोटांचं पान

कापसाच्या झाडाकडे सहदेव चिताऱ्याने उभ्या आयुष्यात ढुंकून पाहिलं नव्हतं, आणि त्यात काही चुकतंय असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. त्याचा आजा बाळापूरच्या सरदारांच्या हवेल्यांत वेलबुट्टी काढायचा. कमळ, चाफा, केवडा, गुलखैरा, असली खानदानी फुलं. त्या पंगतीत कापसाला कोण बसवतो? गुरांनी तोंड लावावं, बायांनी ओच्यात भरावं आणि दलालांनी त्यावर बोटं मोजावीत, एवढीच त्या झाडाची लायकी, असं सहदेवचं ठाम मत होतं.

पण दिवसच असे आले होते. तिकडे अमेरिकेत गोरे एकमेकांच्या उरावर बसले, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि इकडे वऱ्हाडात ज्याच्या घरी कालपर्यंत भाकरीला तोंडी लावायला मिरची नव्हती त्याच्या बैलांच्या शिंगांवर पितळी टोपणं चमकू लागली. पैसा आला तशी भिंती रंगवायची हौस सुटली. अकोल्याच्या खुशालराव पाटलाने ओसरीवर हत्ती काढायला सांगितला. हत्तीवर अंबारी, अंबारीत खुद्द खुशालराव, आणि मागे कापसाच्या गाड्यांची रांग. सगळं झाल्यावर तो लांब उभा राहून बघत म्हणाला, हत्तीचं तोंड जरा हसरं पाहिजे होतं. सहदेवने मुकाट्याने हत्तीला हसवलं. मनात म्हणाला, या माणसाला म्हैस काढून दिली असती तरी त्याने अंबारी मागितली असती.

तो कामाला मात्र झपाट्याचा होता, कारण सगळं काम खाक्यावर चालायचं. कागदावर एक पोपट काढायचा, त्याच्या रेषेरेषेवर सुईने भोकं पाडायची, तो कागद भिंतीला लावायचा आणि वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटत न्यायची. कागद उचलला की भिंतीवर ठिपक्यांचा पोपट. कागद उलटा लावला की दुसरीकडे तोंड केलेला पोपट. एवढ्या एका पोपटावर सहदेवने तीन गावांतली लग्नं उरकली होती. सगळेच चितारी असंच करत, आणि बघणाऱ्यांना ते कळत नसे. बघणाऱ्यांना काहीच कळत नाही, हा तर सहदेवच्या धंद्याचा पाया होता.

खुशालरावाच्या त्या ओसरीवरच रामराव त्याला भेटला. रामराव हा अमरावतीच्या कापूस खात्यातला मुनशी, मूळचा पुण्याकडचा. तिथल्या गोऱ्या साहेबाचं बोलणं लोकांना मराठीत सांगायचं आणि लोकांचं साहेबाला इंग्रजीत, हे त्याचं काम. वऱ्हाडी बोली कानावर पडली की आंबलेलं ताक प्यायल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा. साहेबाला एका झाडाचं चित्र हवं आहे, तू रंग चांगला भरतोस, चल, असं त्याने सांगितलं. कुठल्या झाडाचं, असं सहदेवने विचारलं. कापसाचं, हे ऐकून त्याला हसू आवरेना. पण विलायतेत जाणारं चित्र आहे हे कळल्यावर त्याने हसू गिळलं आणि कुंचले बांधले.

साहेबाची गरज तशी साधी होती. बनी म्हणजे वऱ्हाडातला जुना, लांब धाग्याचा कापूस. भाव वाढल्यापासून लोकांनी त्यात आखूड धाग्याच्या पण भरघोस येणाऱ्या जातीचं बी बिनदिक्कत मिसळलं होतं आणि विलायतेचे गिरणीवाले बोंब मारत होते. तेव्हा खऱ्या बनीचं चित्र काढून ते शिळाछापावर छापावं, गावोगाव शिपायांच्या हाती द्यावं, आणि शेतात जे झाड चित्रासारखं दिसणार नाही ते उपटून टाकावं, म्हणजे पुढच्या सालचं बी शुद्ध राहील, असा त्याचा बेत होता.

अमरावतीत कचेरीच्या पडवीत सहदेवची बैठक मांडली गेली. शिपायाने ओल्या फडक्यात गुंडाळून एक फांदी आणून दिली. साहेबाने आपलं भिंग पुढे केलं आणि रामरावमार्फत बजावलं, की नीट बघ, मोज, जे आहे तेच काढ. सहदेवने भिंग बाजूला ठेवलं. झाड बघायला ज्याला काच लागते त्याच्या डोळ्यांत काय तेज असणार, हे त्याला तिथेच कळून चुकलं. शेतात चल असंही साहेब म्हणाला होता. चिखल तुडवायला आपण काही सालदार नाही, हे सहदेवने त्याला कळवलं नाही, फक्त पाय मुरगळल्याचं सांगितलं.

फांदीवर पाच बोटांचं एक पान मोठं नेटकं होतं. ते त्याने शिरेशिरेनिशी उतरवलं, सुईने भोकं पाडली आणि खाका तयार केला. खालच्या बाजूला एक पान तीनच बोटांचं होतं, थोटं. ते नक्षीत बसेना. सहदेवने ते चिमटीत धरून खुडलं आणि पडवीच्या बाहेर भिरकावलं. मग मधोमध एक दांडा काढून दोन्ही अंगांना, डावीकडे सुलटा आणि उजवीकडे उलटा, असा खाका आपटत गेला. फुलासाठी तर नवी सुईही उचलली नाही. आजाच्या वेळचा गुलखैऱ्याचा खाका होता, तोच घेतला आणि पिवळा रंग भरला.

साहेब चित्रावर भिंग धरून कितीतरी वेळ वाकला होता. नंतर तो भारावून काहीबाही बोलला. कापूस आणि गुलखैरा ही एकाच कुळातली झाडं आहेत, शास्त्र्यांना हे फार अभ्यासाने समजलं, आणि या चिताऱ्याने फुलाच्या ठेवणीत ते नात्यासकट पकडलं आहे, असं रामरावने त्याचं मराठी केलं. सहदेव गंभीरपणे मान हलवत राहिला. आपण नेमकं काय पकडलं ते त्याला ठाऊक नव्हतं, पण स्तुती अंगाला लागली. मग साहेबाने पानं मोजली. प्रत्येकाला पाचच बोटं. त्याने आनंदाने चित्राखाली नियम लिहवून घेतला, की खऱ्या बनीच्या पानाला पाच बोटं असतात आणि तीन बोटांचं पान म्हणजे भेसळ. एकाच पानाचे ठसे मोजून काढलेला नियम होता तो. सहदेव अकोल्याला परतला आणि घरी पोचेपर्यंत हसत होता.

पुढच्या साली कार्तिकात साहेबाने त्याला पुन्हा बोलावलं. या खेपेला भेसळीच्या झाडाचं चित्र काढायचं होतं, म्हणून रंग, कुंचले आणि खाक्यांची गुंडाळी घेऊन तो साहेबाच्या दमणीमागून बैलगाडीत बसून भातकुलीला गेला. तिथल्या काही शेतकऱ्यांनी खात्याने दिलेलं निवडक बी पेरलं होतं, त्यांच्या शेतांत आज सफाई होती. पहिलं शेत पार्वताबाईचं. नवरा गेल्यापासून ती एकटी काळी रानं सांभाळत होती आणि सगळं गाव तिच्या तोंडाला भिऊन होतं. तिच्याकडे त्या दिवशी सीतादही होतं. पहिल्या वेचणीआधी बाया शेतात दहीभात नेतात, पाच झाडांना हळदकुंकू वाहतात, झाडांवर दहीभात शिंपडतात आणि मगच बोंडांना हात लावतात. बाया पाटीतला दहीभात कालवत होत्या, तोच शिपाई छापील चित्रं घेऊन शेतात शिरले.

आपलं चित्र अशा काळ्या ढेकळांत, शिपायाच्या घामेजल्या हातात बघून सहदेवला किळस आली. पण साहेब त्याच्या शेजारी उभा होता आणि रामराव सांगत होता, की या चित्राची विलायतेत वाहवा झाली आहे आणि पुढच्या छपाईत खाली चिताऱ्याचं नाव घालायचं साहेबाच्या मनात आहे. सहदेवचं नाव. हवेल्यांत आयुष्य घालवून आजाला जे मिळालं नाही ते. सहदेव ताठ उभा राहिला.

शिपायाने पहिल्या झाडाचं हाताला लागलं ते खालचं पान ओढलं. तीन बोटं. त्याने चित्र बाजूला धरून पाहिलं आणि झाड मुळासकट उपटलं. दुसऱ्या झाडाचं नेमकं वरचं पान हाती आलं, पाच बोटं, ते झाड वाचलं. तिसऱ्याचं पुन्हा खालचं. सहदेवला दिसत होतं, की वाचलेल्या झाडालाही खाली तीन बोटांची पानं होती आणि उपटलेल्यालाही वर पाच बोटांची. प्रत्येक झाडाला दोन्ही होती. काही शेंड्यांना तर सात बोटांची पानं होती. शिपायाचा हात कुठे पडतो, यावर झाडाचं जगणं-मरणं ठरत होतं.

बोलायची वेळ तीच होती. पण नावाची गोष्ट नुकतीच निघाली होती, आणि सहदेवने मनाशी म्हटलं, पिकाची एवढी एक ओळ, एवढं एक तास जाऊ दे. ते तास संपलं. मग वाटलं, साहेबाच्या कपाळावरची ही आठी जाऊ दे. मग वाटलं, आपण सांगून तरी रामराव खरं पोचवणार आहे का. एकेक तास मोकळं होत गेलं, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, हिरव्या झाडांचा ढीग चढत गेला, आणि सहदेवला कारणांची टंचाई म्हणून पडली नाही. दुसऱ्याला मूर्ख ठरवण्यात ज्याचा जन्म गेला त्याला स्वतःसाठी सबबी शोधायला कितीसा वेळ लागतो?

पार्वताबाई दह्याने माखलेल्या हातांनी धावत आली. तिने साहेबाकडे पाहिलं नाही, रामरावला धरलं.

"बी तुमच्या पोत्यातलं, पेरलं तुमच्या शिपायासमोर," ती म्हणाली. "मंग भेसळ कोनं केली? म्या, का तुमच्या पोत्यानं?"

रामरावने तिला हात लांब ठेवायला सांगितलं आणि साहेबाला इंग्रजीत काहीतरी भलतंच ऐकवलं. साहेबाने समजुतीच्या स्वरात एक उपटलेलं झाड मागवलं. बाईला दाखवा, म्हणाला, की हे का उपटलं. रामरावने झाड उचललं. त्यावर खाली तीन बोटांची पानं होती आणि शेंड्याकडे पाच बोटांची. रामराव क्षणभर अडला. मग साहेबाकडे पाठ करून त्याने शेंड्याची पानं चिमटीत धरून सफाईने खुडली, ढेकळांत टाकली, आणि उरलेलं तीन बोटांचं झाड वळून पुढे केलं.

ती चिमूट सहदेवने ओळखली. पडवीत बसून हीच चिमूट त्याने चालवली होती, फक्त दुसरं पान खुडलं होतं. रामरावचा त्याला आजवर मनापासून तिटकारा होता, आणि आता तो माणूस हुबेहूब त्याच्याच हाताने काम करत होता. शरमेने सहदेवच्या कानशिलांत आग उठली.

"सायेब, हे चित्र झाडाचं नाई," तो म्हणाला. "म्या एकच पान पायलं. बाकी सारे त्याचेच ठसे हायेत. तीन बोटाचं पान बी होतं, ते म्याच खुडून फेकलं."

रामरावने ते साहेबाला सांगितलं नाही. त्या चित्रावर झाडाबरहुकूम असल्याचा शेरा त्यानेच मारला होता. साहेब विचारू लागला तेव्हा, चितारी बक्षीस मागतो आहे, असं काहीसं त्याने सांगितलं असावं, कारण साहेब हसला. मग सहदेवने गुंडाळी सोडली. पानाचा खाका काढून छापील चित्रावर ठेवला. भोकं रेषेवर बसली. खाका सरकवून दुसऱ्या पानावर ठेवला, उलटा करून तिसऱ्यावर, चौथ्यावर. शेवटी साहेबाच्या हातातला कोरा कागद घेतला आणि पुरचुंडी आपटली, एक पान, दोन पानं, तीन पानं. याचं इंग्रजी करायची गरजच नव्हती.

साहेबाचा चेहरा लालबुंद झाला. तो काय काय बोलला ते रामरावने सांगितलं नाही, पण स्वर कळण्याजोगा होता. शिपायांना थांबवलं गेलं. तोवर पार्वताबाईचं अर्धं शेत धुऱ्यावर पडलं होतं. साहेबाने आपलं भिंग सहदेवच्या पुढ्यात टाकलं आणि हुकूम केला, की इथेच बस आणि खरं झाड काढ.

सहदेव धुऱ्यावर, उपटलेल्या झाडांच्या ढिगाशी बसला. रागाने बसला. साहेबावर राग, बायांच्या नजरांवर राग, ढुंगणाखालच्या ढेकळांवर राग. एक झाड ओढून त्याने समोर मांडलं आणि भिंग डोळ्याला लावलं, ते निव्वळ लवकर सुटका व्हावी म्हणून.

पान जवळ आलं. पानाच्या अंगावर काळे बारीक ठिपके होते, सुईने टोचून भुकटी आपटावी तसे, पण इतके बारीक की कुठल्या सुईची ती छाती नव्हती. पाठीमागच्या मधल्या शिरेवर एक खळगी होती, तिच्यात रसाचा थेंब होता आणि एक मुंगी तो पीत होती. देठावर लव होती. सहदेवने दुसरं पान धरलं, खालचं. तिसरं धरलं. एकही दुसऱ्यासारखं नव्हतं, आणि तरी सगळी एकाच घरची होती, खालून वर जाताना तीनाची पाच आणि पाचाची सात होत जाणारी. फूल पिवळं होतं आणि त्याच्या घशात जांभळट लाल डाग होता. काल उमललेलं फूल तांबूस पडलं होतं. गुलखैऱ्याशी त्याचं नातं होतं खरं, साहेब खोटं बोलला नव्हता, पण ते चुलत नातं होतं, जुळ्यांचं नव्हतं. पाकळ्या एकमेकींवर कशा पिळून बसतात ते त्याने प्रथमच पाहिलं.

त्याला आनंद झाला. इतका, की मनातला राग कधी ओसरला ते कळलं नाही. साहेब पट्टी आणि काच घेऊन झाडात जे शोधत होता आणि आपण कुंचल्याने जे शोधायला हवं होतं ते एकच होतं, हे सहदेवला आज धुऱ्यावर बसून उमगलं. एक झाड सुकलं की तो ढिगाखालचं, अजून ओलं राहिलेलं दुसरं घेई. खाका त्याने हातात धरला नाही. रोज गावातून येऊन तो काढत राहिला, मोजत, पुसत, पुन्हा बघत. किड्याने खाल्लेलं पान खाल्लेलंच ठेवलं. आणि सगळ्यांत शेवटी त्याने मूळ काढलं. लांब, फिकट, खाली निमुळतं होत गेलेलं, बारीक तंतूंना काळ्या मातीचे कण धरून ठेवणारं मूळ. भिंतींवर त्याने हजार झाडं काढली असतील, पण मूळ त्याने कधी काढलं नव्हतं. ते चित्रातलं सर्वांत सुंदर काम झालं, हे त्याचं त्यालाच कळत होतं.

साहेबाला देण्याआधी ते चित्र पार्वताबाईला दाखवायची त्याला इच्छा झाली. ती उरलेल्या झाडांतून वेचत होती. चित्र बघून बाई हरखेल, निदान तोंडाचा पट्टा थांबवेल, असं त्याला वाटलं. हो, एवढी खोड त्याच्यात अजून शिल्लक होती.

तिने हात पदराला पुसले आणि चित्राला न शिवता वाकून पाहिलं. पानं पाहिली, फूल पाहिलं, बोंड पाहिलं. नजर खाली मुळावर आली तिथे ती थांबली.

"माहंच झाड हाये," ती म्हणाली.

"होय ना, माय. जसं होतं तसं काढलं."

"तू पयल्या तासालेच बोलला असता, तं हे उभं असतं. मंग तुले याचं मूळ कशाले दिसलं असतं?"

एवढं बोलून ती पुन्हा वेचायला लागली. तिच्या आवाजात रागही नव्हता. आजवर सहदेवने कितीजणांना कमी लेखलं होतं, पण त्याला स्वतःला इतकं नेमकं कुणी तोललं नव्हतं.

अमरावतीच्या कचेरीत साहेबाने चित्र टेबलावर पसरलं आणि तो मागचं सगळं विसरला. पानांचा क्रम त्याने भिंगाने तपासला, जुना नियम स्वतःच्या हाताने खोडला, आणि मग मुळावर बोट ठेवून तो बोलतच सुटला. रामरावने सांगितलं, की साहेबांना सगळ्यांत आवडलं ते हे मूळ, अशी मुळं काढणारा माणूस या मुलखात दुसरा नाही. आता वऱ्हाडातल्या सगळ्या पिकांची चित्रं करायची, ज्वारी, तूर, जवस, आणि प्रत्येक चित्राखाली चिताऱ्याचं नाव. चिताऱ्यासाठी गावोगावच्या शेतांतून चांगलं, भरलेलं झाड मुळासकट उपटून आणायचा हुकूम शिपायांना आजच सुटेल.

सहदेव मुळाकडे बघत होता. काम खरोखर सुंदर उतरलं होतं, आणि ते बघवत नव्हतं.

"झाड उपटू नका," तो म्हणाला. "उभंच राहू द्या. मी जाऊन त्याच्यापाशी बसतो."

"आणि मूळ?" रामराव म्हणाला.

"मूळ नाई दिसनार. नाई दिसनार तं नाई काढनार."

रामरावने या खेपेला पदरचं काही न घालता ते साहेबाला सांगितलं. साहेब आधी समजावत राहिला, मग चिडला. मुळाशिवाय चित्र अपुरं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्याच्या शास्त्राप्रमाणे ते बरोबरच होतं. शेवटी, मुंबईत चिताऱ्यांना तोटा नाही, असं म्हणून त्याने टेबलावरचं चित्र कपाटात ठेवलं आणि रामरावला दुसरं काम सांगितलं.

सहदेव कचेरीच्या पायऱ्या उतरला. अकोल्याला खुशालरावाच्या साडूची ओसरी त्याची वाट बघत होती, तिथे पोपट लागणार होते. तो नाक्यावर थोडा वेळ उभा राहिला आणि भातकुलीच्या गाडीत बसला. पार्वताबाईच्या शेतातली उरलेली झाडं अजून फुलावर होती. ती धुऱ्यावर बसू देईल की हाकलून लावेल, ते तिथे गेल्यावरच कळणार होतं.